मुक्त म्हणजे फुकट नव्हे, आणि सोपेही नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणकप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबवली. आमच्या गावच्या वाचनालयात त्या दिवशी कोणी याची दखल घेतली असेल असे वाटत नाही. पण पुढच्या महिन्याच्या बैठकीत चिटणिसांनी विषय काढला. वाचनालयाचे दोन्ही संगणक जुने, नवी प्रणाली त्यांच्यावर चढत नाही, आणि नवे घ्यावयाचे तर पुन्हा वर्गणीदारांपुढे हात पसरणे आले. मासिक वर्गणी वाढवल्याबद्दल आधीच आम्ही दोन महिने बोलणी खात होतो. तेवढ्यात आमचा एक जुना विद्यार्थी, जो पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन आता तेथेच नोकरी करतो, सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "सर, एक रुपयाही लागणार नाही. पूर्ण मुक्त प्रणाली घालून देतो." आम्ही समितीच्या लोकांनी वाक्याचा पहिला भाग ऐकला आणि होकार दिला. दुसऱ्या भागाचा अर्थ कळायला चार महिने लागले.

गेली सत्तावीस वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवतो, म्हणून आधी शब्दाबद्दल बोलू. इंग्रजीत या चळवळीचे नावच घोटाळ्याचे आहे, कारण तेथे 'मोफत' आणि 'मुक्त' या दोन्ही अर्थांना एकच शब्द. त्या लोकांना गेली चाळीस वर्षे आपल्या नावाचा खुलासा करीत बसावे लागले आहे. मराठीत ती अडचण नाही. फुकटचे जेवण आणि सुटलेला कैदी यांत गल्लत करणारा मराठी माणूस आम्ही पाहिलेला नाही. तरीही आमच्या समितीने ती केली, कारण आमचे लक्ष हिशेबाच्या वहीवर होते.

या मुक्तीची कथा एका प्रिंटरपासून सुरू होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे आज्ञावलीकार काम करीत. जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की वापरणाऱ्यांना निरोप जावा, अशी सोय त्यांनी आज्ञावलीत स्वतः केली होती. पुढे झेरॉक्सचे नवे लेसर यंत्र आले. कागद त्यातही अडके, पण त्याची मूळ आज्ञावली पाहावयास मिळेना. ज्याच्याकडे ती होती त्याने गुप्ततेचे वचन दिलेले असल्याने नकार दिला. आपल्या टेबलावरच्या यंत्राला आपणच हात लावू शकत नाही, ही गोष्ट स्टॉलमन यांना सलली. १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले, १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि हे सारे जुळून एक पूर्ण प्रणाली उभी राहिली. वापरण्याचे, उघडून पाहून बदलण्याचे, दुसऱ्यास देण्याचे आणि बदललेले रूपही वाटण्याचे अशी चार स्वातंत्र्ये तेथे सांगतात. त्यांचे क्रमांक शून्यापासून तीनपर्यंत आहेत. गणिताच्या बाईंना हे फार आवडले.

आमच्या विद्यार्थ्याने घातलेली प्रणाली ट्रिस्केल नावाची. तिची सुरुवात स्पेनमधील गॅलिसियात झाली. फाउंडेशन ज्या थोड्या प्रणालींना 'पूर्ण मुक्त' म्हणून मान्यता देते त्यांपैकी ती एक. पूर्ण याचा अर्थ खरोखरच पूर्ण. लिनक्सच्या नेहमीच्या गाभ्यात यंत्रभागांसाठी लागणारे काही बंद तुकडे असतात. म्हणजे कंपनीने दिलेले, पण आत काय आहे ते न सांगितलेले. ट्रिस्केलमध्ये ते वेचून काढलेले असतात. तांदूळ निवडावेत तसे.

निवडलेल्या त्या खड्यांतच आमचे वायफाय होते. संगणक सुरू झाला, पडदा सुंदर दिसला आणि इंटरनेट मात्र नाही. नोंदवहीत पाहिले तर हव्या असलेल्या तुकड्याचे नावसुद्धा पुसलेले, त्या जागी 'डीब्लॉब्ड' असा शिक्का. काय नाही ते कळू द्यायचे नाही, म्हणजे माणूस ते आणायला जाणार नाही, असा विचार त्यामागे असावा. विद्यार्थ्याने फोनवरून सांगितले की अथेरॉसच्या काही जुन्या चिपा असलेले जोडणीचे यंत्र घ्या, ते बंद तुकड्यावाचून चालते. बेळगावात तीन दुकाने फिरलो. दुकानदाराला खोक्यावरचे नाव ठाऊक, आतली चिप त्यालाही ठाऊक नाही. शेवटी भिंतीतून तार ओढली. प्रिंटर छापू लागला, पण त्याच यंत्रातला स्कॅनर मुका राहिला, कारण त्याला कंपनीचा एक बंद जोडभाग लागतो. "मग तो प्रिंटर चुकीचा आहे, सर," असे उत्तर आले. तत्त्वतः बरोबरच असेल. पण तो प्रिंटर आमच्या एका सभासदाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला आहे. त्यांना आम्ही जाऊन काय सांगावे?

नवख्या माणसाचा जीव अशा ठिकाणी मेटाकुटीस येतो. कळ दाबून होणाऱ्या गोष्टीसाठी काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टंकाव्या लागतात. अडल्यास मदत आहे, भरपूर आहे, पण इंग्रजीत, आणि पुष्कळदा "आधी माहितीपुस्तिका वाचा" अशा सुरात. आमच्या ग्रंथपालबाई दहावी शिकलेल्या, एकोणीस वर्षे एकटीने देवघेव सांभाळणाऱ्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शांतपणे जुने देवघेवीचे रजिस्टर पुन्हा टेबलावर काढून ठेवले. आम्हाला त्या दिवशी वाईट वाटले. स्वातंत्र्य देण्याची आमची रीत काही तरी चुकली होती. (कोषाध्यक्षांनी मात्र विचारले की त्यांच्या मोबाइलमधले बँकेचे ॲपही आता सोडायचे काय. तो विषय आम्ही हसून पुढे ढकलला. तो अजून पुढेच आहे.)

आता मराठीचे पाहू. येथे मात्र आम्हाला जे मिळाले ते अनपेक्षित होते. कळफलकांच्या यादीत मराठीपुढे 'कगप' असा शब्द दिसला. शोध घेता कळले की हा उच्चारानुसारी कळफलक मूळचा कन्नड गणक परिषदेचा, तिच्याच नावाची ती आद्याक्षरे. त्यांनी कन्नडसाठी मांडलेली कळांची रचना कोणी तरी मराठीस लावली, आणि तो कळफलक जगातल्या कोणत्याही लिनक्स संगणकात येऊन बसला. बेळगावच्या आमच्या समितीत या गोष्टीवर अर्धा तास चर्चा झाली. तिचा वृत्तांत येथे देत नाही. शेवटी तोच कळफलक ठेवला, कारण बाईंना तो दोन दिवसांत जमला.

अडचणी होत्याच. लिबर ऑफिसमध्ये देवनागरीची भाषा म्हणून आधीपासून हिंदी धरलेली होती. त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाचे उमटत. सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडल्यावर, ज्या टंकांत सोय आहे त्यांत, आपले वळण आले. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक दाखवणारा ऱ कळफलकावर शोधण्यात एक संध्याकाळ गेली. पण हे दोष सुधारता येतात, आणि कोणाच्या परवानगीने नव्हे. लोहित, मुक्ता, बलू हे टंक कोणीही उतरवून घ्यावे, दहा शाळांना द्यावे, पुस्तकात छापावे. कोणी बिल पाठवत नाही.

या गोष्टीचे मोल आम्हाला कळले ते कपाटातल्या फायलींमुळे. वाचनालयाच्या इतिवृत्ताच्या १९५० च्या दशकातील वह्या शाईने लिहिलेल्या आहेत, कडा कुरतडलेल्या आहेत, पण आजही वाचता येतात. १९९९ मध्ये आम्ही मोठ्या कौतुकाने संगणक घेतला, आणि पुढची बारा वर्षे सारी इतिवृत्ते, वार्षिक अहवाल आणि व्याख्यानमालेची टिपणे एका विकत घेतलेल्या मराठी आज्ञावलीत टंकली. तिचे कुलूप म्हणून संगणकाला मागून जोडायचा एक खटका असे. तो हरवला. विक्रेत्याने दुकान बंद केले. आज त्या फायली उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा चिखल दिसतो. कारण असे की त्या काळच्या टंकांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा बसवलेला असे. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. 'क' चा क्रमांक २३२५, मग यंत्र कोणाचेही असो. (मराठीच्या 'ॲ' ला मात्र स्वतःची जागा मिळायला २००८ साल उजाडले.) त्या क्रमांकांची वाट आम्हाला १९९९ मध्ये कोणी दाखवली नाही, आणि आम्हीही विचारले नाही. शाईच्या वह्या सत्तर वर्षे टिकल्या, आणि संगणकातली बारा वर्षे आमच्या देखत मुकी झाली.

छापखान्यांची गोष्ट याच जातीची. वाचनालयाच्या पंचाहत्तरीची स्मरणिका छापावयाची म्हणून मजकूर घेऊन गेलो, तर मालक म्हणाले, "युनिकोड नको, आमच्या फॉन्टमध्ये आणा." त्यांचाही दोष म्हणवत नाही. जुनी जुळणीची आज्ञावली त्यांनी कर्ज काढून घेतलेली. मुक्त जगातली पानजुळणीची आज्ञावली म्हणजे स्क्रायबस. तिच्या स्थिर आवृत्तीत जोडाक्षरे नीट बसू लागली ती २०२४ च्या १.६ आवृत्तीपासून. तोवर छापखान्याने काय करावयाचे होते?

केरळचे उदाहरण अनेकदा दिले जाते, ते अर्धेच दिले जाते. तेथे 'आयटी अॅट स्कूल' हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर गेल्या. पण शाळेत नुसत्या चकत्या वाटून ते झाले नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, आणि 'स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग' या नावाने जमलेल्या स्वयंसेवकांनी मल्याळम टंक व साधने तयार केली, दुरुस्त केली. २०११ च्या जनगणनेत मल्याळम मातृभाषकांची संख्या सुमारे ३ कोटी ४८ लाख आणि मराठीची ८ कोटी ३० लाख आहे. संख्येच्या बळावर भाषा संगणकात शिरत नाही. आमच्याकडेही शुद्धलेखन तपासणीचा शब्दसंग्रह, लिबर ऑफिसच्या मराठी याद्या हे काम मूठभर लोकांनी पदरमोड करून केले आहे. त्यांची नावे साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर आम्ही अद्याप ऐकलेली नाहीत.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. कर्नाटक शासनाने कन्नडसाठी 'नुडी' करवून घेतले. राज्याने आपल्या भाषेसाठी तसे करावे, त्यात गैर काही नाही. महाराष्ट्र शासन मराठीसाठी काही करील तर ते आपल्या हद्दीतल्या शाळांचा आणि कचेऱ्यांचा हिशेब धरून. मधल्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला कोणाची योजना येत नाही. ज्या वस्तूला राज्याची हद्द नाही आणि ग्राहकसंख्येचा हिशेब नाही, तीच आमच्या कामाची. म्हणून चार महिने वैतागूनही आम्ही जुन्या वाटेला परत गेलो नाही.

परंतु 'पूर्ण' या शब्दाचा आग्रह आम्ही सोडला. मार्चच्या बैठकीत ठराव करून ट्रिस्केल उतरवले आणि डेबियन घातले. डेबियनच्या मंडळींनीही या प्रश्नावर २०२२ मध्ये मतदान घेतले होते, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून यंत्रभागांना लागणारे बंद तुकडे ते स्थापनेतच देऊ लागले. फाउंडेशन त्यांना पूर्ण मुक्त मानत नाही. आमच्या विद्यार्थ्यालाही ते रुचले नाही. "आज वायफायसाठी सोडलेत, उद्या कशासाठी सोडाल, सर?" असे त्याने विचारले. प्रश्न योग्य आहे आणि तो विचारणारा कोणी तरी असलाच पाहिजे. पण जो एकादशीला पाणीही घेत नाही त्याने घरातल्या म्हाताऱ्यांना तेच व्रत लावू नये. ग्रंथपालबाईंनी रजिस्टर मिटून पुन्हा संगणकावर देवघेव सुरू केली, ही आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट. स्कॅनर चालतो. मजकूर मात्र युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपातच साठवायचा, यात तडजोड नाही. तसे ठरावात लिहिले आहे.

राहिल्या त्या बारा वर्षांच्या फायली. ज्यांच्या कागदी प्रती सापडल्या, त्या आम्ही तिघे-चौघे दर रविवारी सकाळी बसून पुन्हा टंकतो. २००३ पर्यंत आलो आहोत. २००४ ते २००६ च्या छापील प्रती कोठेच मिळत नाहीत. त्या वर्षांत व्याख्यानमालेस आलेल्या कोणा श्रोत्याकडे टिपणे, निमंत्रणपत्रिका किंवा अहवाल असतील, तर सायंकाळी पाच ते आठ या वेळात वाचनालयात आणून द्यावीत. नक्कल करून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ.