तिसगाव वाटेत लागतं



लग्नाच्या बायोडाटात गावाचं नाव वाचून तो कागद बाजूला ठेवायची आपल्याकडे सवय पडली आहे. पुणे चालतं, नगर जेमतेम चालतं. तिसगाव, मिरी, करंजी असं काही दिसलं की मुलीची आई विचारते, "तिथं काय आहे?" तिथं काय आहे, तेच आज सांगते.

नगरहून पाथर्डीकडे निघालं की करंजी घाट ओलांडल्यावर तिसगाव लागतं. नगरपासून साधारण चाळीस किलोमीटर. मोहटादेवीला किंवा मढीला कानिफनाथांच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या इथं चहापुरत्या थांबतात. गावाची जुनी वेस आहे, बाजार आहे, शेवगावकडे आणि मिरीकडे जाणारे रस्ते इथूनच फुटतात. जवळच वृद्धेश्वर साखर कारखान्याचं आदिनाथनगर. आदिनाथ म्हटलं की आपलं मन लगेच ऋषभदेवांकडे धावतं, पण हा मुलूख नाथपंथाचा, तिथले आदिनाथ म्हणजे महादेव. एकाच नावाला दोन घरांतल्या बायका हात जोडतात, मला ते फार आवडतं.

आता आपल्याबद्दल. आचार्य आनंदऋषीजी म.सा. यांचा जन्म 1900 सालचा, याच पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचा. घरातलं नाव नेमीचंद. वयाच्या तेराव्या वर्षी, 7 डिसेंबर 1913 ला, गुरुदेव रत्नऋषीजींकडून त्यांनी दीक्षा घेतली ती मिरीत. पुढे 1964 साली ते श्रमण संघाचे आचार्य झाले. ज्या "पाथर्डी बोर्डाच्या" परीक्षा आपल्यातल्या कितीतरी जणींनी लग्नाआधी दिल्या, ते बोर्डही त्यांनीच 1936 साली उभं केलं. दूरच्या राज्यांतल्या मुलींना पाथर्डी हे नाव पाठ असतं. आनंदधामला आपण वरचेवर जातो, पण चिचोंडी आणि मिरी पाहिलेली बाई आपल्या भिशीत विचारून बघा, किती निघतात ते. पालिताणा आणि शिखरजी मात्र दोन-दोनदा झालेलं असतं.

दर्शनाची नवी सहल काढा, एवढंच सांगायला मी हे लिहीत नाही. बस भरून जायचं, फोटो काढायचे, प्रसादाची पिशवी घेऊन परत, याने त्या गावाचं काही होत नाही.

खरी गोष्ट विहाराची आहे. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर महासतीजी पायीच चालत असतात. एका दिवसात दहा-पंधरा किलोमीटर, उन्हात त्याहून कमी. नगर ते पाथर्डी म्हणजे तीन-चार मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला उतरायला जागा हवी, गोचरीला घरं हवीत, धोवण किंवा गरम पाणी हवं. गोचरीचे बेचाळीस दोष आपण लहानपणी घोकले आहेत. साधूसाठी मुद्दाम केलेलं चालत नाही, घरच्यांसाठी केलेल्यातलं थोडं चालतं. दोन कोसांपलीकडे नेलेला आहार वापरायचा नाही. म्हणजे नगरच्या स्वयंपाकघरातून डबे भरून गाडीने पुढे पाठवले, तर भक्ती आपली होते आणि दोष त्यांना लागतो. हा नियम पाळला जातो तो वाटेवरच्या गावात चूल पेटलेली असते म्हणून. पाथर्डी तालुका तसा दुष्काळी, इथली माणसं दरवर्षी ऊसतोडीला बाहेर जातात, पिण्याचं पाणी मिरी-तिसगाव योजनेतून लांबून येतं. अशा ठिकाणी पाण्याचा हंडा राखून ठेवणाऱ्या बाईचं मोल आपल्या घरचा नळ सोडून बसल्यावर कळणार नाही.

आणि हीच घरं कमी होताहेत. अशा बाजारच्या गावांत आजोबांनी काढलेलं कापडाचं किंवा किराण्याचं दुकान चालतं, नातू कष्टाळू असतो, पण मुलगी मिळत नाही म्हणून तो पुण्यात भाड्याने फ्लॅट घेतो. दोन वर्षांत आईवडीलही मागोमाग जातात. दाराला कुलूप लागलं की वाटेवरचा एक मुक्काम गेला.

मुलींना दोष द्यायला मी तयार नाही. शिकलेल्या मुलीला नोकरी हवी, मुलांना शाळा हवी, अडीअडचणीला डॉक्टर हवा. या अपेक्षा रास्तच आहेत. माझा राग आहे तो न बघता नाव कापण्यावर. तिसगावहून नगर तासाभराच्या वाटेवर आहे. पुण्यात हडपसरहून हिंजवडीला रोज त्याहून जास्त वेळ घालवणाऱ्या मुलीला आपण "सुखात पडली" म्हणतो. गावात दुकान स्वतःचं, घर स्वतःचं, सासूबाई हाताशी. याचाही हिशेब एकदा मांडून बघावा, मग नाही म्हणायचं तर खुशाल म्हणावं.

ज्यांच्या घरी लग्नाचं कोणी नाही, त्यांनीही या शेषकाळात एक करावं. महासतीजींचा विहार पाथर्डीच्या दिशेने ठरला की पहिला मुक्काम तरी सोबत चालावं, आणि एक दिवस तिसगावच्या बाजूला एखाद्या श्राविकेच्या घरी नुसतं बसायला जावं. जाताना मिठाईचा डबा नको. तिला सामायिकेला सोबत हवी असते, त्या गावात मुहपत्ती बांधून शेजारी बसणारं दुसरं कोणी उरलेलं नसतं कधीकधी.