श्रद्धेचा पैसा, लोकांचे काम

आगाखान हे नाव घेतले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुण्याचा तो राजवाडा उभा राहतो, जेथे १९४४ साली कस्तुरबांनी देह ठेवला. फार तर घोड्यांच्या शर्यती आठवतात. परंतु दि. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बन येथे निधन पावलेले चौथे आगाखान, प्रिन्स करीम, यांचा खरा वारसा राजवाड्यांचा नव्हे, अश्वशाळेचाही नव्हे. आगाखान डेव्हलपमेंट नेटवर्क या नावाने तीसएक देशांत पसरलेली शाळा, रुग्णालये, विद्यापीठे, बँका, हॉटेले आणि वीजकेंद्रे यांची विस्तीर्ण मालिका हा तो वारसा आहे. सुमारे ९६ हजार माणसे तीत काम करतात. एका लहानशा पंथाच्या श्रद्धेतून उभे राहिलेले हे कार्य पंथाबाहेरच्या असंख्य लोकांच्या उपयोगी पडते, ही गोष्ट आम्ही मोलाची मानतो. तथापि तिच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे आणि तो विचारला गेला होता आमच्याच मुंबईत.

खोजा समाजातील काही सुधारकांचे म्हणणे असे होते की, जमातीच्या मालमत्तेवर पहिल्या आगाखानांचा हक्क नाही. उच्च न्यायालयात सर जोसेफ आर्नोल्ड यांनी १८६६ साली निकाल दिला तो आगाखानांच्या बाजूने. खोजे हे शिया इमामी इस्माइली, आगाखान त्यांचे वंशपरंपरागत इमाम, आणि भाविकांनी अर्पण केलेला भाग स्वीकारण्याचा अधिकार इमामांचा, असे ठरले. पैसा कोणाचा, याचे उत्तर मिळाले. त्याचा विनियोग कसा करावा, हे मात्र इमामांच्या विवेकावर राहिले.

प्रिन्स करीम १९५७ साली अवघ्या विसाव्या वर्षी गादीवर आले. १९६७ साली त्यांनी आगाखान फाउंडेशन स्थापिले. भाविकांचा पैसा, सरकारांचे साहाय्य, परदेशी देणग्या आणि स्वतःच्या व्यवसायांचा नफा, असे अनेक ओघ पुढे त्यांच्या कार्यात मिळाले. त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण पाकिस्तानच्या ताब्यातील गिलगिटच्या डोंगरी खेड्यांचे. तेथे १९८२ साली शोएब सुलतान खान यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ग्रामीण कार्यक्रमाचा दंडक साधा होता. गावाने आधी एकत्र बसावे, ठराविक दिवशी सभा घ्यावी, थोडीफार बचत जमवावी. मग गावानेच निवडलेल्या एखाद्या कामाला, बहुधा पाण्याच्या पाटाला नाहीतर रस्त्याला, साहाय्य मिळे. पुढची देखभाल गावाची. इस्माइली, इतर शिया आणि सुन्नी, असे सर्व या योजनेत आले. आमच्या सरकारी योजनांत बांधकाम आधी होते आणि ग्रामसभा मागाहून आठवते. येथे क्रम उलटा होता. गुजरातमध्येही याच मार्गाचे काम चालते. दिल्लीत हुमायूनच्या कबरीचा जीर्णोद्धार करताना शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतील शाळा व दवाखाना विसरले गेले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

अशा कामाला धीर लागतो, आणि धीर हाच आजच्या परदेशी मदतीतील दुर्मीळ पदार्थ आहे. अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेचे परदेशी मदतीचे काम १ जुलै २०२५ रोजी संपले. सत्तांतर झाले आणि दूर देशांतील औषधे व अन्न यांचे नियोजन कोलमडले. वंशपरंपरेने चालणाऱ्या इमामाला निवडणुकीचे भय नसते. दहा वर्षांनी फळ देणारे रोप तो आज लावू शकतो. लोकशाहीचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे मान्य करणे जड जाईल, परंतु आम्ही ते मान्य करतो.

मात्र जो गुण, तोच दोषही आहे. ज्याला निवडणूक नाही त्याला उत्तरही देणे नाही. संस्थांचे अहवाल छापले जातात. इमामांकडे जाणाऱ्या धार्मिक अर्पणांचा सविस्तर ताळेबंद मात्र भाविकांसमोर येत नाही. इमाम उदार आणि दूरदर्शी निघाला म्हणून विषय संपत नाही, कारण पुढचा तसाच निघेल याची हमी न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्या निकालात नव्हती. प्रिन्स करीम यांचे ज्येष्ठ पुत्र रहीम हे आता पन्नासावे इमाम आहेत. तसा ताळेबंद त्यांनी आपणहून मांडावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. तेवढ्याने त्यांच्या पदाची प्रतिष्ठा काही कमी होणार नाही.

आणि सरकारांनीही एक गोष्ट विसरू नये. गिलगिटचा पाट कोणीही बांधो, आरोग्य आणि शिक्षण यांचे दायित्व शासनाचेच आहे. माझगावातील प्रिन्स अली खान रुग्णालयात १९४५ पासून अनेक पिढ्यांनी उपचार घेतले. इमारतीच्या अवस्थेचे कारण देऊन ते २०२२ साली बंद झाले. कारण खरे असो वा अपुरे, तेथील रोग्यांना त्या निर्णयात मत नव्हते, आणि मागे पाहिले तर पालिकेची रुग्णालये आधीच भरलेली होती.