डायलिसिसच्या पहिल्याच दिवशी सांगा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घ्यावे लागते, दर वेळी सुमारे चार तास. प्रत्यारोपण झाले नाही, तर हे आयुष्यभराचे. आपल्या वस्तीत आधी दागिने मोडले जातात, मग बचत गटाचे कर्ज निघते, मग व्याजाने पैसे. योजनेचे नाव कानावर येते ते त्यानंतर. तोवर एखादे डायलिसिस चुकलेले असते आणि ते जिवावर बेतू शकते.

म्हणून आमचे म्हणणे आहे की रुग्णाचे हक्क पहिल्याच दिवशी, पैसे भरायला सांगण्याआधी, रुग्णालयाने सांगावेत.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना फक्त अंगीकृत रुग्णालयांत चालते आणि ती रोख पैसे देत नाही. त्यामुळे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

दुसरा मार्ग ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. त्यासाठी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालतो. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या.

'धर्मादाय' या शब्दाने आपली माणसे संकोचतात. विहारात आपण यथाशक्ती दान देतो. दान म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हे दान नव्हे. या ट्रस्टना सरकारी सवलती मिळतात, त्यांच्यावर कायद्याने टाकलेली ही जबाबदारी आहे. बाबासाहेबांच्या माणसांनी ती मान खाली घालून का मागावी?

रुग्णालय सांगेल याची वाट मात्र पाहू नका. येत्या रविवारी वंदनेनंतर ही माहिती वाचून दाखवा, विहाराच्या फळ्यावर लिहा. अर्ज भरू शकणारी दोन मुले-मुली ठरवा. वस्तीत कोणाला डायलिसिस सांगितले की त्यांनी त्याच दिवशी त्या घरी जावे आणि दुसऱ्या दिवशी रुग्णासोबत रुग्णालयात. आजारी माणसाला एकट्याने खिडक्या फिरायला लावणे आपल्याला शोभत नाही.