तास मोजून निदान होत नाही

‘स्कायरिम’ हा २०११ मधला व्हिडिओ गेम. बर्फाळ डोंगर, ड्रॅगन आणि हवे तिकडे भटकण्याची मुभा. खेळणारे सांगतात, एका कामगिरीवर निघालो, वाटेत गुहा दिसली, आत शिरलो आणि पहाट झाली. घरचे याला लगेच व्यसन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण निदान तासांवर ठरत नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसूनही न थांबणे आणि हे साधारणपणे किमान १२ महिने चालणे, असे त्याचे निकष आहेत. एखादी जागलेली रात्र म्हणजे आजार नव्हे. मात्र झोप, जेवण, अभ्यास किंवा नोकरी रोजच बिघडत असेल, तर वर्ष उलटण्याची वाट पाहू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.