५२ व्या खेळानंतर

— द्वितीय वर्ष, कला

'अँग्री बर्ड्‌स' हे नाव ठाऊक नसलेला विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. गलोल ताणावी, पक्षी भिरकवावा आणि हिरव्या डुकरांचे इमले पाडावेत, इतका साधा खेळ. परंतु तो काढणाऱ्या फिनलंडच्या 'रोव्हिओ' कंपनीने पुढे काय केले, असे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो. मोबाइलवरील खेळांच्या धंद्यात हे वारंवार घडते. एक खेळ साऱ्या जगाला वेड लावतो आणि त्याच माणसांच्या हातून दुसरा तसा होत नाही. यावर सरसकट ऐकू येणारे मत असे, की पहिले यशच मुळी कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसे होते. नशीब पुन्हा पुन्हा कसे फळणार? वाचकहो, मला हे मत पटत नाही. पहिल्या यशामागे जी चुकण्याची मोकळीक होती, ती त्या यशानेच हिरावून घेतली, असे मला वाटते.

रोव्हिओचाच इतिहास पाहा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी एका स्पर्धेत बक्षीस मिळवले आणि २००३ साली कंपनी काढली. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी ५१ खेळ केले. त्यांतले बरेचसे दुसऱ्या कंपन्यांच्या मागणीबरहुकूम. २००९ उजाडेपर्यंत कंपनी बुडीत निघण्याच्या बेतात होती आणि पन्नासेक माणसांपैकी १२ उरली होती. अशा वेळी एका चित्रकाराने पाय नसलेल्या, भुवया आक्रसलेल्या पक्ष्यांचे चित्र पुढे ठेवले. शत्रू म्हणून डुकरे आली, कारण ते वर्ष स्वाइन फ्लूचे होते. याच साथीने त्या वर्षी आपल्या पुण्यातल्या शाळा बंद पाडल्या होत्या. कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाच्या आईने हा खेळ खेळण्याच्या नादात नाताळचे जेवण करपवले, अशी गोष्ट सांगतात. डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आलेला हा त्यांचा ५२ वा खेळ.

आता जे ५१ नेम चुकले, त्यांचे काय? ते कोणी पाहिलेच नाहीत. वर्तमानपत्रांत बातमी नाही, शेअर बाजारात पडझड नाही. ५३ व्याला मात्र हे भाग्य लाभणार नव्हते. २०१२ मध्ये रोव्हिओने दुसऱ्यांच्या एका खेळाचे हक्क घेऊन 'अमेझिंग ॲलेक्स' काढला. खेळ काही वाईट नव्हता, पण लोकांनी तो पक्ष्यांशी ताडून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग पुन्हा पक्षीच! अंतराळातले पक्षी, गाडीत बसलेले पक्षी, दप्तरावरचे पक्षी, २०१६ साली चित्रपटातले पक्षी. मधल्या काळात, २०१४ मध्ये शंभरावर आणि २०१५ मध्ये दोनशेवर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २०१७ साली साडेअकरा युरोला विकलेला शेअर काही महिन्यांत निम्म्यावर आला आणि २०२३ मध्ये जपानच्या 'सेगा'ने सारी कंपनीच सुमारे ७० कोटी युरोंना विकत घेतली. घाट्याचा सौदा म्हणता यायचा नाही. पण त्या काढून टाकलेल्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

'कँडी क्रश'वाल्या 'किंग' कंपनीची तऱ्हा थोडी निराळी. मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात तिचा साडेबावीस डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी १९ डॉलरवर घसरला. कारण उघड होते. चार डॉलरांतले तीन एकाच खेळातून येत होते आणि 'दुसरा कुठे आहे?' हा प्रश्न दुसरा तयार होण्याआधीच विचारला जात होता. 'झिंगा'ने तर दुसऱ्याचे यश आयते विकत घेऊन पाहिले. मार्च २०१२ मध्ये 'ड्रॉ समथिंग' काढणारी कंपनी सुमारे १८ कोटी डॉलर मोजून घेतली आणि जून २०१३ मध्ये तिला कुलूप लावले.

कंपन्यांचे एक वेळ सोडून देऊ. व्हिएतनाममधील हनोईच्या डाँग न्गुयेन या तरुणाने एकट्याने केलेला 'फ्लॅपी बर्ड' २०१४ च्या आरंभी जगभर पहिल्या क्रमांकावर गेला. जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात, असे त्याने स्वतः सांगितले, आणि फेब्रुवारीत तो खेळ स्वतःच काढून घेतला. लोकांनी त्याला वेड्यात काढले. मला तो वेडा वाटत नाही.

याबाबत मी थोडे अधिकाराने बोलते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. दहावीला गावात पहिली आले तेव्हा ग्रामपंचायतीने शाल-नारळ दिला. त्या दिवसापासून एसटीत, विहिरीवर, लग्नात जो भेटेल तो विचारतो, "आता पुढं काय?" बी. ए. करते म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. माझ्या मागे तीन चुलत बहिणी आहेत. माझे काय होते ते पाहून त्यांना पुढे शिकवायचे की नाही ते काका ठरवणार आहेत. ज्याच्यावर इतरांचे पोट किंवा शिक्षण अवलंबून असते, तो नवे काही करून पाहायला धजत नाही. पाठ झालेलेच पुन्हा म्हणून दाखवतो. पक्ष्यांमागून पक्षी काढणाऱ्या रोव्हिओला म्हणूनच मला हसू येत नाही.

कोणी म्हणेल, याच फिनलंडची 'सुपरसेल' बघा. २०१२ मध्ये 'क्लॅश ऑफ क्लॅन्स', २०१६ मध्ये 'क्लॅश रॉयल', २०१८ मध्ये 'ब्रॉल स्टार्स'. ती कशी सावरली? तिथे एखादा खेळ फसून बंद करावा लागला की शॅम्पेन फोडतात, ही गोष्ट फार कौतुकाने सांगितली जाते. (पहिल्या खेळाची मिळकत अखंड येत असली की शॅम्पेनही परवडते, हे सांगायचे राहून जाते.) मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते 'ब्रॉल स्टार्स'चे दीड वर्ष. जून २०१७ मध्ये तो आधी कॅनडासारख्या निवडक ठिकाणी ठेवला गेला. तिथे लोकांनी नावे ठेवली. उभा धरून खेळायचा खेळ आडवा केला गेला, पुष्कळसे मोडून पुन्हा बांधले गेले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो सर्वत्र आला. म्हणजे मोठ्या झालेल्या कंपनीने आपल्या खेळाला आडगावी वाईट असण्याची सवड मुद्दाम मिळवून दिली. त्याच कंपनीने मे २०२४ मध्ये 'स्क्वाड बस्टर्स' हा खेळ हॉलिवूडच्या नटांना घेऊन, ढोल वाजवीत आणला. २०२५ मध्ये त्याचे काम थांबवत असल्याचे जाहीर झाले.

नव्या मुंबईतील 'गेमशन' कंपनीचा २०१६ सालचा 'लुडो किंग' २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला. आमच्या आजीनेही तो खेळला. त्या कंपनीतली पोरे आज एखादा नवा खेळ जुळवीत असतील, तर त्यांनी तो वर्षभर तरी एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेर जाऊ देऊ नये. आमचा तालुका त्यासाठी सोयीचा आहे. इथे नावे ठेवणारे पुष्कळ आहेत आणि बातमी पुण्यापर्यंत पोचत नाही.