डॉसच्या हांकेस ओ कोण देणार?

जुने प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाहींत, सबब ते टाकून द्यावे, असें पुष्कळ सुज्ञ पालकांचेंहि मत दिसतें. आम्हांस तें मान्य नाहीं.

१९८१ सालीं आलेल्या डॉसमध्यें प्रोग्रामास फाइल उघडावयाची किंवा पडद्यावर अक्षर काढावयाचें झालें, म्हणजे तो 'इंटरप्ट' नांवाची हांक मारी. स्मृतीच्या आरंभींच्या १०२४ बाइटांत २५६ पत्ते नोंदलेले असत. हांकेचा क्रमांक पाहून यंत्र हातचें काम थांबवी, त्या पत्त्यावर जाई व काम उरकून परत येई. कळफलक आणि घड्याळहि अशाच हांका मारीत. घड्याळ तर सेकंदास सुमारें १८ वेळां!

हल्लींच्या ६४ बिटांच्या विंडोजमध्यें या हांकांस ओ देणारें कोणी उरलें नाहीं. तेथें २००२ सालीं निघालेल्या डॉसबॉक्ससारखा मध्यस्थ उभा राहतो, हांक वरचेवर झेलतो, नव्या यंत्राकडून काम करवितो आणि उत्तर जुन्याच जागीं नेऊन ठेवतो. जुन्या प्रोग्रामास ही फसवणूक कळतहि नाहीं. (असली फसवणूक आम्ही पाप मानीत नाहीं.)

मराठीचें मात्र येथेंच अडतें. पुण्याच्या सी-डॅकनें जिस्ट कार्ड काढलें होतें. तें संगणकाच्या खांचेंत बसविलें, कीं इंग्रजीसाठीं रचलेल्या डॉस-प्रोग्रामांतहि देवनागरी उमटे. डॉसबॉक्सच्या पदरीं हें कार्ड नाहीं. १९९१ च्या इस्की प्रमाणांत 'क' चा क्रमांक १७९. अमेरिकी अक्षरसंचांत त्याच क्रमांकावर एक उभी रेघ आहे. त्यामुळें 'कापूस' लिहिलेल्या जागीं मोडक्या चौकटींचे तुकडे दिसतात.

मजकूर युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. पत्रास तेवढें पुरेसें आहे, हिशेबाच्या प्रोग्रामास नाहीं. व्याज कोणत्या रीतीनें आकारलें, हें तो चालता असतांनाच कळतें. तेव्हां हांकांबरोबर कार्डाचीहि नक्कल रचली पाहिजे, आणि ती मराठी जाणणारानेंच रचावी. 'क' च्या जागीं रेघ आली, तर परदेशी कारागिरास त्यांत वावगें काय दिसणार? डॉसबॉक्सची घडण सर्वांस खुली आहे; आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणीं हें काम पुढेंमागें हातीं घेतलें, तर आम्हांस आनंदच होईल.

तूर्त पांढरकवड्यांतील ज्यांच्या दुकानांत, जिनिंगमध्यें वा माळ्यावर त्या काळच्या फ्लॉप्या असतील, त्यांनीं त्या दिवाळीच्या साफसफाईंत फेकूं नयेत. त्यांवरील लेखन वर्षागणिक विरत जातें. यास्तव आधीं नक्कल करून घ्यावी, आणि जिस्ट कार्ड सांपडल्यास तेंहि जपून ठेवावें.