अठरानंतर कोण? – आई!

आमच्या बचत गटांचा एक नियम आहे. लागोपाठ तीन बैठका चुकवल्या तर दंड. नियम मीच लिहिलेला. दोन वर्षांपूर्वी तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात मी तो एका बाईला लावला. ५० रुपये तिने शेजारणीच्या हाती मुकाट पाठवून दिले. पुढच्या महिन्यात तिच्या घरी गेले, तर दाराला बाहेरून कडी आणि आत कुणीतरी भांडं आपटत होतं. बाई सोयाबीन काढायला गेली होती. आत तिची मुलगी होती.

मुलगी स्वमग्न आहे. निवासी शाळेत होती. तिथे ती वेळेवर उठायची, स्वतःचं ताट घासायची, रंगाप्रमाणे बांगड्या लावून ठेवायची. १८ वर्षं पूर्ण झाली आणि शाळेने निरोप धाडला, मुलीला घेऊन जा. रोजचा क्रम मोडला, तशी मुलगी बिथरली. संध्याकाळी आई शेतातून आली आणि मला म्हणाली, "ताई, साळंत हुती तवर मला रोजगाराला जाता येत हुतं. आता हिला कुठं ठिवू ते सांगा, मग दंड घ्या."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवीस वर्षं मी बायांना त्यांचे हक्क सांगत गावोगाव फिरते आहे.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, रोगही नव्हे. बोलण्याची, ऐकण्याची, स्पर्श-आवाज सोसण्याची, माणसांत वावरण्याची जन्मापासूनची वेगळी घडण आहे ती, आणि ती जन्मभर राहते. पण दोष आईचाच! या बाईची सासू म्हणते, पोटुशी असताना गिराणात विळी हातात धरली. सासू अडाणी म्हणून हसू नका. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या नामांकित तज्ज्ञाने अमेरिकेत जाडजूड पुस्तक लिहून हेच सांगितलं : आई थंड, मायेला कमी, म्हणून मूल असं. विळी काय आणि विज्ञान काय, आरोपीच्या पिंजऱ्यात बाईच! ते मत पुढे खोटं ठरलं. आयांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

आता कायदा पाहू. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत ते मोजलं, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांत वाटाही ठेवला. म्हणजे शाळा आहे आणि, निदान कागदावर, नोकरीही आहे. शाळेतून त्या नोकरीपर्यंत जायचा जिना मात्र कुणी बांधला नाही. एकट्याने एसटीत बसणं, तिकिटाचे पैसे मोजून देणं, कुणी अंगाला हात लावला तर "नाही" म्हणणं, कामाच्या जागी चार तास टिकणं हे अठराव्या वाढदिवशी आपोआप येत नाही. ते सावकाश, रोज, माणूस सोबत देऊन शिकवावं लागतं.

अमेरिकेत शाळेची जबाबदारी २१ व्या वर्षापर्यंत आहे आणि पुढच्या आयुष्याची आखणी १६ व्या वर्षाच्या आत सुरू करावी लागते. शाळा संपल्यावर वर्ष-दोन वर्षं स्वतंत्र राहायला शिकवणारे कार्यक्रमही तिथे आहेत, पण ज्याच्या खिशात पैसा त्याला. आपल्याकडे जे उभं राहिलं त्यात आया-बापांचा वाटा मोठा आहे. दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने सुरू केली. पुण्यात 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' आहे, प्रौढ मतिमंदांसाठी 'नवक्षितिज' आहे. चांगली कामं आहेत. पण लोहाऱ्याच्या, भूमच्या शेतमजूर बाईने पोरीला घेऊन पुण्याला बिऱ्हाड करायचं का?

मग आपल्या जिल्ह्यात अठरानंतर काहीच नाही का? आहे की! चोवीस तास चालतं, सुट्टी नाही, पगार नाही, अनुदान लागत नाही. त्याचं नाव बाई.

आधी आई. ती थकली की बहीण. तिची शाळा सुटते आणि कुणी विचारतही नाही. मुलगा असेल तर बायको. "लग्न झालं की येईल ताळ्यावर" हे वाक्य कोणत्या गावात ऐकू येत नाही? परंड्याकडे एका घरात असंच झालं. ऊसतोड कामगाराची मुलगी, हुंडा नको म्हणाले, तिच्या बापाला देव भेटल्यासारखं झालं. मुलाबद्दल तिला एक शब्द सांगितला नाही. स्वमग्न माणसाने लग्न करू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. त्यालाही मन आहे, हक्क आहे. पण तिथे नवरी आणली नव्हती, बिनपगारी सांभाळणारी आणली होती. त्या लग्नात मी अक्षता टाकल्या आहेत. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

आणि मुलगी असेल तर? त्या आईने मला हळू आवाजात विचारलं, "ताई, हिची पिशवी काढून टाकू का? पाळीचं हिला कळत न्हाई. अन् मी रानात असताना कुणी आत शिरलं तर?"

मैत्रिणींनो, १९९४ आठवा. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, कारण दिलं पाळीच्या स्वच्छतेचं. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. आपण बरोबरच होतो. आज कायदाही सांगतो, दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता घालवणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. आणि पिशवी काढल्याने बलात्कार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा पोटात वाढत नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्या मी कामाला गेल्यावर हिच्याजवळ कोण बसंल?"

आपल्या घोषणेत याचं उत्तर नव्हतं. मुलीच्या शरीरावर तिचा हक्क, हे आपण म्हटलं. तो हक्क रोज सांभाळायला लागणारी माणसं आणि पैसा मात्र आपण मागितला नाही.

काही कार्यकर्त्या म्हणतात, हा दिव्यांगांचा प्रश्न, त्यांच्या संस्था बघतील. बायांनो, रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर हवं म्हणून आपण भांडलो, तेव्हा तो लेकरांचा प्रश्न होता की बायांच्या मजुरीचा?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी शाळेनंतरचं एक "मधलं वर्ष" हवं, गरज लागेल तिथे दोन. रोज घरी परतता येईल असं; पुन्हा कोंडून ठेवणारं वसतिगृह नको. शिकवायचं ते इथलंच : आठवडी बाजार, एसटी, तराजू, शेळ्या, खव्याची भट्टी, आणि पाळीची काळजीसुद्धा. काय शिकायचं हे आधी त्या मुलामुलींना विचारायचं. ज्याला बोलता येत नाही त्याला चित्रं दाखवून. शिकवणाऱ्या बाईला पगार हवा, मानधन नको. अंगणवाडी सेविकेला 'मानधना'वर राबवून सरकारने काय केलं ते आपण पाहतोच आहोत. पैसा कुठून आणायचा? स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेच आहेत. २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग आहे. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, ते ५ टक्के कुठे गेले?

एका वर्षाने काय होणार, असं कुणी म्हणेल. त्या वर्षात मुलगी कदाचित एकटीने दुकानात जायला शिकेल, कदाचित नाही शिकणार. पण आई वर्षभर मजुरी करेल, बहीण शाळेत जाईल आणि दाराला कडी लागणार नाही. एवढंही कमी नाही.

दंडाचे ५० रुपये मी परत केले. गटाची बैठक आता त्या बाईच्या ओट्यावर भरते. मुलगी आमची पासबुकं रंगाप्रमाणे लावते. कुणी क्रम मोडला तर ओरडते, आम्ही पुन्हा लावू देतो. पण बैठक महिन्यातून एकदा, दोन तास. उरलेल्या दिवसांत ती कडी लागतेच.

आपापल्या गावात अशा किती कड्या आहेत, ते पुढच्या बैठकीच्या आधी मोजा. आणि गैरहजर बाईला दंड लावण्याआधी तिच्या घरी जा.